ओठांवरचा रंग : विवेक, पथ्य आणि धीर

चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात. परंतु विवाहांची तयारी याच चार महिन्यांत सर्वाधिक होते. सोन्याची घडणावळ ठरते, साड्यांचा बस्ता बांधला जातो, मंगल कार्यालयाला इसार दिला जातो. अलीकडे या तयारीच्या यादीत एक नवी नोंद दिसू लागली आहे. पुण्या-मुंबईप्रमाणेच जळगाव, अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर अशा व्यापारी शहरांतील सौंदर्यगृहांच्या फलकांवरही आता ‘लिप टिंट’, ‘लिप ब्लश’ किंवा ‘परमनंट लिप कलर’ हे शब्द झळकतात. वधू, तिची करवली, कधी वधूची आईदेखील ओठांना कायमचा गुलाबी रंग भरून घेण्याचा विचार करते. दागिन्यांच्या घडणीची चौकशी दहा दुकानांत करणारी कुटुंबे या बाबतीत मात्र पुष्कळदा एका जाहिरातीवर विसंबून निर्णय घेतात. म्हणूनच या प्रक्रियेचे स्वरूप, तिची पूर्वतयारी आणि त्यानंतरचे पथ्य यांचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

हा लेप नव्हे, हे गोंदण आहे

‘टिंट’ या शब्दामुळे अनेकांचा समज होतो की हा लिपस्टिकचाच अधिक टिकाऊ प्रकार असावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. यंत्राला जोडलेल्या अतिसूक्ष्म सुईने ओठांच्या त्वचेत उथळ खोलीवर रंगकण सोडले जातात. म्हणजे हे गोंदणच आहे. फक्त सुई अधिक बारीक, खोली कमी आणि रंग फिका. महाराष्ट्राला गोंदण नवे नाही. जत्रेत आणि आठवडी बाजारात कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदवून घेणाऱ्या आज्या-पणज्या अनेक घरांनी पाहिल्या आहेत. दागिने इथेच राहतात, गोंदण मात्र सोबत येते, अशी जुनी श्रद्धा होती. तिचा मथितार्थ आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे : सुईने त्वचेत गेलेली गोष्ट पाण्याने धुतली जात नाही.

ओठांची लालसर त्वचा शरीराच्या अन्य त्वचेपेक्षा वेगळी असते. तिच्यावरचा संरक्षक थर पातळ असतो, तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात आणि खालून रक्तपुरवठा मात्र भरपूर असतो. म्हणून ओठ लवकर सुकतात व फुटतात, त्यांना सूज झटकन येते. पण जखम भरण्याचा त्यांचा वेगही चांगला असतो. याच कारणाने ओठांतील रंग कायम एकसारखा टिकत नाही. साधारणतः दोन ते तीन वर्षांत तो बराच फिका होतो. तथापि, फिका होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे. काही अंश दीर्घकाळ राहतो आणि कधीकधी त्याची छटाही बदलते.

इच्छा कोणाची?

पूर्वतयारीतील पहिली पायरी औषधांची नाही, संमतीची आहे. ओठ मूळचेच सावळे असणे हा भारतीय त्वचेचा स्वाभाविक गुण आहे. तो दोष नव्हे. तरीही स्थळ पाहण्याच्या प्रसंगी, साखरपुड्याच्या छायाचित्रांवरून, एखाद्या नातेवाईक बाईंच्या सहज बोलण्यातून मुलीच्या मनात न्यूनत्वाची जाणीव रुजते. सासरकडून आलेली सूचना विनंतीच्या सुरात असली, तरी नववधूला ती नाकारणे कठीण जाते. ज्या प्रक्रियेत रक्ताचे सूक्ष्म थेंब येतात, वेदना होतात आणि जिचा परिणाम वर्षानुवर्षे राहतो, ती प्रक्रिया दुसऱ्याच्या समाधानासाठी करवून घेणे उचित नाही. आईने किंवा भावी सासूबाईंनी खर्च उचलला तरी निर्णयाचा हक्क त्याबरोबर त्यांच्याकडे जात नाही. मुलीने एकांतात, कोणी शेजारी नसताना, ‘मला हे हवे आहे’ असे म्हणता येत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो तो काळेपणाच्या कारणाचा. ओठ अलीकडेच काळवंडले असतील, एखादा नवा डाग उमटला असेल किंवा कडा सतत सोलवटत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ओठ चाटण्याची सवय, ऊन, धूम्रपान, लिपस्टिकची किंवा टूथपेस्टची ॲलर्जी, काही औषधे आणि काही आजार यांमुळेही ओठांचा रंग बदलतो. कारण दूर केल्यावर रंग आपोआप सुधारण्याची शक्यता असते. शिवाय एखादा संशयास्पद डाग रंगाखाली झाकला गेल्यास पुढे त्याचे निदान लांबते.

कुपीत काय आहे?

अहिंसेचे व्रत मानणाऱ्या कुटुंबांनी येथे विशेष चौकशी करावी. अनेक लिपस्टिकांमधील गडद लाल रंग ‘कार्माइन’ या द्रव्यापासून येतो. निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे कीटक वाळवून हा रंग काढतात. पेरू हा देश त्याचा प्रमुख उत्पादक आहे. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात, असे सांगितले जाते. वेष्टनावर तो ‘कार्माइन’, ‘कोचिनील’ किंवा ‘सीआय ७५४७०’ अशा नावांनी नोंदलेला असतो.

ओठांत भरण्याचे आधुनिक रंग बहुतांशी लोहाच्या ऑक्साइडपासून, टायटॅनियम डायऑक्साइडपासून किंवा कृत्रिम सेंद्रिय रंगद्रव्यांपासून तयार होतात. परंतु रंगकण ज्या द्रवात मिसळलेले असतात त्यातील ग्लिसरीन वनस्पतिजन्य आहे की प्राणिज, हे विचारावे लागते. क्वचित शेलॅकचाही, म्हणजे लाखेचा, वापर होतो. नंतर लावण्याच्या मलमांत मधमाश्यांचे मेण व लोकरीतून काढलेले लॅनोलिन हे घटक सर्रास आढळतात. भारतात २०१४ पासून प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या करण्यास बंदी आहे. पण ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ आणि ‘प्राणिज घटक नाहीत’ ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. पहिले छापलेले असले म्हणून दुसरे गृहीत धरू नये.

हा विचार परंपरेला नवा नाही. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामातील हा धनाढ्य गृहस्थ व्रते स्वीकारताना उटणे, विलेपन, वस्त्रे, आभूषणे अशा एकेका उपभोगाच्या वस्तूची मर्यादा बांधून घेतो. त्याच ठिकाणी भोगोपभोग परिमाण व्रताच्या संदर्भात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत आणि त्यांत लाक्षावाणिज्याचा, म्हणजे लाखेच्या व्यापाराचा, समावेश आहे. ज्या वस्तूचा व्यापार श्रावकाने टाळावा असे सांगितले गेले, ती नकळत स्वतःच्या ओठांत जाऊ नये, एवढी दक्षता घेणे कोणत्याही श्राविकेला अवघड नाही. रंगाच्या कुपीवरील घटकांची यादी आधी मागवून घ्यावी. ती देण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथेच थांबावे.

घटकांची यादी पाहण्याला आरोग्याचेही कारण आहे. अमेरिकेत २००३-०४ या काळात एका उत्पादकाच्या कायमस्वरूपी मेकअपच्या रंगांमुळे सूज, गाठी व चिरा पडल्याच्या १५० हून अधिक तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या होत्या. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदण्याच्या व कायमस्वरूपी मेकअपच्या रंगांतील हजारो रसायनांवर निर्बंध लागू केले. लाल छटांच्या रंगांची ॲलर्जी अन्य रंगांपेक्षा अधिक आढळते आणि ती काही महिन्यांनीही उद्भवू शकते. कानामागे थोडा रंग लावून केलेली चाचणी उपयुक्त असली, तरी तिला संपूर्ण हमी मानू नये.

सुईपूर्वीची तयारी

सर्वांत महत्त्वाची नोंद ओठांवर उठणाऱ्या पाणीदार फोडांची. ताप, ऊन किंवा जागरणानंतर ओठाच्या कडेला झुबक्याने येणारे आणि आग होणारे हे फोड हर्पिस विषाणूमुळे येतात. एकदा शिरलेला हा विषाणू शरीरात सुप्तावस्थेत राहतो आणि सुईच्या आघाताने पुन्हा जागा होतो. पूर्वी एकदाही असे फोड आले असतील तर डॉक्टरांना सांगावे. ते प्रक्रियेच्या आधीपासून विषाणुरोधक गोळ्या सुरू करतात. या गोळ्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या हे औषधानुसार बदलते. चौविहाराचा नियम असणाऱ्या भगिनींनी तसे आधीच सांगितले, तर सूर्यास्तापूर्वी बसेल असे औषध व वेळापत्रक निवडता येते का, हे डॉक्टर पाहू शकतात. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळी मिळेल का, हेही त्याच वेळी विचारावे. नियम मोडायचा की औषध सोडायचे, असा पेच रात्री नऊ वाजता उभा राहण्यापेक्षा हे बरे.

मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरण्यास विलंब होतो, म्हणून आधी साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत; हृदयरोगाच्या रुग्णाला असे धाडस महागात पडते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असल्यास ते थांबवल्यानंतर साधारण सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. जखमेच्या जागी जाड वण उठण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय यात पडू नये. गरोदरपणात व अंगावर दूध पाजण्याच्या काळात ही प्रक्रिया पुढे ढकलणेच इष्ट.

दातांची कामे आधी उरकून घ्यावीत. ताज्या ओठांना दंतवैद्याकडे ताण बसणे चांगले नाही. वरच्या ओठाचे थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच प्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवावे. ओठ फुटलेले असतील तर त्यांत रंग समान बसत नाही. म्हणून दोन आठवडे आधीपासून रात्री साधे पेट्रोलियम जेली लावावे आणि दिवसा पुरेसे पाणी प्यावे. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनत असल्याने त्यात मेणाचा किंवा लॅनोलिनचा प्रश्न येत नाही. मात्र सुगंधी व रंगीत प्रकार टाळावेत. प्रक्रियेच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नये.

बधिर करणाऱ्या मलमाबाबतही सावध असावे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, गोंदण्यापूर्वी लावल्या जाणाऱ्या अतितीव्र लिडोकेन मलमांविरुद्ध इशारा दिला होता. ओठांवरचे मलम थोडेफार पोटातही जाते. कानात आवाज येणे, चक्कर, धडधड अशी लक्षणे दिसल्यास मलम पुसून काम तत्काळ थांबवावे व डॉक्टर गाठावेत. मलम कोणते, त्याचे प्रमाण किती, हे विचारण्यात संकोच नसावा.

जागा आणि हात

व्यापारी मनुष्य माल पाहिल्याशिवाय घेत नाही. तीच शिस्त येथे लागते. सुईचे सीलबंद वेष्टन आपल्यासमोर उघडले जाते का? रंगाच्या कुपीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत आहे का? रंग छोट्या एकवापरी पेल्यात ओतून उरलेला फेकला जातो, की परत कुपीत जातो? हातमोजे बदलले जातात का? वापरलेल्या सुया कठीण डब्यात टाकल्या जातात का? हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा प्रसार दूषित सुईतून होतो, एवढे लक्षात ठेवले की हे प्रश्न अनाठायी वाटत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसल्यास डॉक्टरांशी बोलून आधी ती घेता येते.

कारागिराने पूर्वी केलेल्या कामाची छायाचित्रे पाहताना ताजी नव्हे, सहा आठवड्यांनंतरची छायाचित्रे मागावीत आणि ती भारतीय, सावळ्या ओठांची असावीत. गडद ओठांवर थेट गुलाबी रंग भरला तर तो राखाडी किंवा जांभळट दिसण्याचा संभव असतो. त्यामुळे जाणकार कारागीर पहिल्या बैठकीत नारिंगीकडे झुकणारी उबदार छटा वापरून सावळेपणा सौम्य करतात आणि नंतर इच्छित रंगाकडे वळतात. एका बैठकीत हवा तो रंग देण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा, दोन-तीन बैठका लागतील असे सांगणारा अधिक विश्वासार्ह मानावा. पक्के बिल, वापरलेल्या रंगाची लेखी नोंद आणि संमतिपत्राची प्रत घेऊन घरी जपून ठेवावी.

पंचांगाशी मेळ

या प्रक्रियेत सर्वाधिक चुका घाईमुळे होतात. विवाह वीस दिवसांवर असताना ओठ रंगवून घेणारी वधू कदाचित हळदीच्या दिवशी ठीक दिसेल. पण रंग अपुरा राहिला किंवा फोड उठले तर दुरुस्तीला अवधी उरत नाही. पहिल्या बैठकीनंतर रंग स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुसरी बैठक साधारण सहा ते आठ आठवड्यांनी होते आणि तिच्यानंतर पुन्हा चार-सहा आठवडे द्यावे लागतात. एकूण हिशेब साडेतीन महिन्यांचा होतो.

मार्गशीर्षात विवाह असेल, तर पहिली बैठक श्रावणाच्या आरंभी घ्यावी. पर्युषणापूर्वी ओठ वरून पूर्ण भरून येतात. अठ्ठाई किंवा चौविहार उपवास करणाऱ्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण पाण्याविना ओठ सुकतात आणि ताज्या जखमेवर सुकलेले पापुद्रे ओढले जातात. दुसरी बैठक दशलक्षण पर्व संपल्यावर, भाद्रपद वद्य पक्षात बसते. त्यानंतर आश्विनातील आयंबिल ओळीपर्यंत पापुद्रे निघून गेलेले असतात, दिवाळीच्या धामधुमीत अडचण येत नाही आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत रंग स्थिर होतो. वर्षीतप चालू असणाऱ्यांनी तप पूर्ण होईपर्यंत हा विचार बाजूला ठेवावा, हेच श्रेयस्कर.

भरून येण्याचे दिवस

पहिल्या दिवशी ओठ सुजलेले आणि रंग अपेक्षेपेक्षा कितीतरी गडद दिसतो. आरसा पाहून घाबरण्याचे कारण नाही. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ बाहेरून धरता येतो. पहिल्या काही तासांत येणारा चिकट पाझर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने हलकेच टिपावा. जैन घरांत असे पाणी सदैव तयार असते, ही सोयच आहे. सूज साधारणतः एक-दोन दिवसांत उतरते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ओठ ताठर व कोरडे वाटतात आणि पापुद्रे सुटू लागतात. या टप्प्यावर संयमाची खरी परीक्षा असते. पापुद्रा ओढून काढला की त्याच्यासोबत रंगही निघतो आणि तेथे ठिपका राहतो. सांगितलेले मलम पातळ थराने, धुतलेल्या हातांनी लावत राहावे. आठवडाभरात पापुद्रे आपोआप गळतात. त्यानंतर ओठ इतके फिके दिसतात की सारा खर्च वाया गेला असे वाटते. पुढील काही आठवड्यांत वरचा नवा थर पारदर्शक होत जातो तसा रंग पुन्हा वर येतो. प्रारंभीच्या गडदपणाच्या साधारण निम्मा.

आहाराचे पथ्य सोपे आहे. मूगडाळीची खिचडी, दहीभात, दूध, मऊ पोळीचे लहान घास असे सौम्य व कोमट अन्न घ्यावे. तिखट, लोणचे, लिंबू, चिंच व फार गरम चहा आठवडाभर वर्ज्य करावा. खाकरा आणि पापड यांच्या कडा ओठांना खरचटतात, म्हणून नाश्त्याची ही जुनी सवय काही दिवस सोडावी. दात घासताना फेस ओठांवर साचू देऊ नये.

सामायिकात मुखवस्त्रिका बांधणाऱ्या भगिनींनी त्या आठवड्यात ती रोज स्वच्छ धुतलेली वापरावी आणि ओठांना घासणार नाही अशी सैल ठेवावी. मसाल्याच्या, धान्याच्या किंवा सिमेंटच्या दुकानात बसणाऱ्यांनी चार-पाच दिवस गल्ल्यापासून दूर राहावे. मिरचीची पूड आणि धूळ ताज्या ओठांना सोसत नाही. पोहणे, वाफ घेणे, कडक ऊन आणि लिपस्टिक हे सर्व ओठ पूर्ण भरेपर्यंत टाळावे. हळद, लोणी किंवा अन्य घरगुती लेप लावण्याचा मोह आवरावा. स्वयंपाकघरातील वस्तू स्वच्छ असते, निर्जंतुक नसते.

धोक्याच्या खुणा

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढणे, पू दिसणे, ताप येणे, लालसरपणा ओठांबाहेर पसरणे या जंतुसंसर्गाच्या खुणा होत. झुबक्याने पाणीदार फोड उठल्यास हर्पिसचा संशय धरावा. औषध जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक. अशा वेळी घरातील तान्ह्या बाळाची पापी घेऊ नये, त्याला हा विषाणू अतिशय घातक ठरू शकतो. अंगावर गांधी उठणे, चेहरा व जीभ सुजणे, श्वास घेण्यास त्रास होणे ही तातडीची अवस्था असून तत्क्षणी रुग्णालय गाठावे. या कोणत्याही प्रसंगी सौंदर्यगृहातील व्यक्तीचा फोनवरील सल्ला पुरेसा नाही.

रंग पसंत न पडल्यास लेसरने लगेच काढता येईल, या भरवशावर राहू नये. लोहाचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले फिके रंग लेसरच्या माऱ्याने उलट काळे पडू शकतात.

जेथे हीच सुई उपचार होते

या साऱ्या सावधगिरीचा अर्थ ही विद्या त्याज्य आहे असा नाही. ओठांवर कोडाचे पांढरे डाग असणाऱ्या रुग्णांसाठी त्वचारोगतज्ज्ञ हेच तंत्र दीर्घकाळ वापरत आले आहेत. जन्मतः दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतरचा वण सौम्य करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. कोड हा संसर्गजन्य रोग नाही, हे वारंवार सांगूनही त्यापायी मुलींची आणि मुलांचीही स्थळे मोडतात. अशांना या रंगाने मिळणारा आत्मविश्वास हा केवळ शृंगार म्हणता येणार नाही. परंतु कोड पसरत असताना सुई टोचल्यास त्या जागी नवा डाग उमटण्याचा धोका असतो. म्हणून रोग दीर्घकाळ स्थिर असल्याची खात्री तज्ज्ञांनी केल्यावरच, आणि त्यांच्याच देखरेखीखाली, हे करावे. आणि ज्या घरात अशी सून येणार असेल, त्या घरापासून ही गोष्ट लपवण्यासाठी नव्हे, तर तिच्या स्वतःच्या समाधानासाठी करावे.

पूर्ण जमाखर्च

खर्चाचा अंदाज घेताना केवळ पहिल्या बैठकीचा दर पाहू नये. दुसरी बैठक, डॉक्टरांची तपासणी, औषधे आणि दोन-तीन वर्षांनी येणारे नूतनीकरण हे सर्व मिळून खरी रक्कम होते. यंत्रसामग्रीवर जसा घसारा धरावा लागतो, तसा तो येथेही धरावा लागतो. फार स्वस्त दराची जाहिरात असेल, तर काटकसर सुईत झाली, रंगात झाली की वेळेत, हे विचारावे.

दोन बाबी नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. पहिली, एमआरआय तपासणीच्या वेळी ओठांत रंग असल्याचे तंत्रज्ञांना सांगावे. लोहयुक्त रंगामुळे क्वचित उष्ण वाटते किंवा सूज येते. दुसरी, भारतातील रक्तपेढ्यांच्या नियमांनुसार गोंदवल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. महावीर जयंतीच्या शिबिरात दरवर्षी रक्तदान करणाऱ्या भगिनींनी हेही जमेस धरावे. शिबिरात ही माहिती दडवणे म्हणजे अनोळखी रुग्णाला जोखमीत लोटणे होय.

हे सर्व वाचून एखादी तरुणी ठरवील की हा रंग तिला हवा आहे. ती घटकांची यादी मागेल, डॉक्टरांना भेटेल, श्रावणाच्या आधी वेळ घेईल आणि पापुद्रे गळेपर्यंत धीर धरेल. दुसरी ठरवील की तिचे सावळे ओठ तिला जसे आहेत तसेच प्रिय आहेत. दोन्ही निर्णय विवेकाचे आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच पाहावे, की संमतिपत्रावर जी सही होते ती मुलीची असावी आणि त्या सहीमागची इच्छाही तिचीच असावी.